लीगबाहेरचे चार सामने

सेलफोनच्या बिलावर प्रत्येक कॉलसमोर किती मिनिटं बोलणं झालं तो आकडा छापलेला असतो. तो नेहमी वरच्या पूर्ण मिनिटाचा असतो. तीन मिनिटं दहा सेकंद बोललं तरी चार छापतात. २००४ च्या एप्रिलपर्यंत आमच्या मुलाच्या, निमिषच्या, रविवारच्या कॉलसमोर बहुतेक वेळा चार असायचं. कधी तीन. एकदा सहा होतं, तेव्हा श्रीरंगची अँजिओप्लास्टी झाली होती. मे महिन्याच्या बिलावर मात्र एकवीस, एकतीस, अठ्ठावीस आणि चव्वेचाळीस असे आकडे आले. ते बिल मी फाइलला लावण्याआधी दोनदा वाचलं.

मी बॉथेलमधल्या एका औषध कंपनीत बायोस्टॅटिस्टिशियन आहे. नव्या औषधांच्या चाचण्यांमधले आकडे माझ्याकडे येतात आणि औषधाचा खरोखर गुण आला की नाही हे मी सांगते. श्रीरंग, माझा नवरा, सॉफ्टवेअरमध्ये आहे. निमिष आमचा एकुलता एक. शाळेत असताना त्याने अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट घालून एकमेकांवर धडकायचा तो, खेळायचा हट्ट धरला होता, तेव्हा मी त्याला मानेच्या दुखापतींचे आकडे काढून दिले होते. सात पानं, स्टेपल करून. तो तेरा वर्षांचा होता. त्याने ती पानं वाचली, मला परत दिली आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. त्याने इतर विषयही फारसे काढले नाहीत.

पुढे तो दक्षिणेकडच्या एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत शिकायला गेला आणि तिथल्याच स्पोर्ट्स डिपार्टमेंटमध्ये नोकरीला लागला. त्याचं काम होतं फुटबॉल टीमचे सामने ठरवण्याचं.

हे काम काय असतं ते आम्हाला कळायला बरेच महिने लागले. मोठ्या युनिव्हर्सिट्यांच्या टीम आपापल्या लीगमध्ये खेळतात. तिथले आठ सामने ठरलेले असतात, त्यात निवड नसते. उरलेले तीन-चार सामने लीगबाहेरच्या कोणाशीही खेळता येतात आणि ते ज्याचे त्याने ठरवायचे असतात. तगडी टीम बोलावली तर हरण्याची भीती, आणि वरच्या टीमसाठी एक हार म्हणजे सगळं वर्ष वाया. अगदीच लिंबूटिंबू बोलावली तर जिंकणं नक्की, पण वर्षाच्या शेवटी देशातले क्रमांक लावताना कॉम्प्युटर विचारतो, तुम्ही नक्की हरवलंत कोणाला?

"म्हणजे झिम्बाब्वेला बोलवायचं आणि डबल सेंच्युरी ठोकायची," श्रीरंग स्पीकरवर म्हणाला. "आपला मुलगा झिम्बाब्वे शोधायची नोकरी करतो, पद्मिनी."

"बाबा, इट्स नॉट दॅट सिम्पल."

"अरे, पगार देतात ना झिम्बाब्वे शोधायचा? मग चांगलंय."

निमिष हसला नाही. फोन ठेवायच्या बेतात होता. मी घाईने विचारलं, "मग तुम्ही शोधता कसे?"

"बॉसला असा ऑपोनंट पाहिजे, आई, जो पेपरवर स्ट्राँग दिसेल पण ॲक्चुअली नाही. आम्ही गेस करतो. मोस्टली गट फीलिंग."

"पेपरवर स्ट्राँग म्हणजे काय? व्याख्या कर."

"व्याख्या म्हणजे?"

"डेफिनिशन. ती नसेल तर मोजणार काय तुम्ही?"

पलीकडे कीबोर्डचा आवाज आला. मग तो म्हणाला, "तुला डेटा पाठवू?"

त्याने डेटा पाठवला. दहा वर्षांचा, शंभरावर टीमचा. माझ्या कंपनीत इतका स्वच्छ डेटा मला कधी मिळाला नव्हता. रोज जेवणं झाली की मी तास-दीड तास त्यावर बसू लागले आणि दर रविवारी निमिषला काय सापडलं ते सांगू लागले. फुटबॉलचा एकही सामना मी पाहिला नव्हता. चेंडू पार पलीकडच्या टोकाला नेला की टचडाउन होतं आणि त्याचे सहा गुण मिळतात, हेही मला त्यानेच समजावलं. मी चुकीचं बोलले की तो हसायचा, आणि त्या हसण्यात चिडणं नसायचं.

माझ्या तक्त्यात दोन मुख्य रकाने होते. एकाला मी 'भर' म्हणायचे: या टीमला हरवलं तर आपल्या क्रमांकात किती भर पडेल. दुसऱ्याला 'धोका': आपण हरण्याची शक्यता किती. भर जास्त आणि धोका कमी अशा टीम शोधायच्या होत्या, आणि त्या असायच्या. लहान लीगमध्ये वर्षाला आठ-नऊ सामने जिंकणाऱ्या टीम. कॉम्प्युटरला त्यांचे विजय दिसायचे. त्यांची पुढच्या फळीतली मुलं मात्र आपल्या मुलांपेक्षा वजनाने खूप हलकी असायची. हे वजनाचं मी स्वतः शोधून काढलं. दोन टीमच्या सरासरी वजनातला फरक घातला की धोक्याचा अंदाज एकदम नेमका येऊ लागला. फरक जितका मोठा, तितका धोका कमी.

"आई, यू आर अ जीनियस," निमिष म्हणाला. मी बावन्न वर्षांची होते, आणि ते ऐकून माझे कान गरम झाले.

२००५ मध्ये नियम बदलला. पुढच्या हंगामापासून प्रत्येक टीमला अकराऐवजी बारा सामने खेळता येणार होते. एकाच वेळी सगळ्यांच्या वेळापत्रकात एक रिकामी जागा तयार झाली आणि ती भरायची धावपळ सुरू झाली. निमिषने शुक्रवारी फोन केला, रविवारी मी यादी दिली. यादीत पहिलं नाव होतं सपाट शेतांच्या प्रदेशातल्या एका लहान युनिव्हर्सिटीचं. मी ते नाव त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. गेल्या चार वर्षांत त्यांनी भरपूर सामने जिंकले होते. वजनातला फरक एक्केचाळीस पौंड.

तीन आठवड्यांत करार झाला.

"इट्स युअर गेम, आई," निमिष म्हणाला. "नेक्स्ट सप्टेंबर. तुला यायचंय. नो एक्सक्यूज."

सामना ९ सप्टेंबर २००६ ला दुपारी होता. श्रीरंगचं ऑफिसचं काम निघालं, म्हणून मी एकटीच गेले. ऊन कडक होतं. निमिषने मला वरच्या काचेच्या खोलीत बसवलं. तिथे एसी होता, सँडविच होती आणि त्याच्या ऑफिसातली माणसं होती. "दिस इज माय मॉम. शी फाउंड दिस गेम," तो प्रत्येकाला सांगत होता. त्याचा हात माझ्या खांद्यावर होता. तो हात मी बराच वेळ, मान न हलवता, तिथे राहू दिला.

अर्धा सामना संपला तेव्हा स्कोअर पस्तीस-तीन होता. काचेतून माणसं बोटाएवढी दिसत होती. मला ती टीम जवळून पाहायची होती. एवढे दिवस मी त्यांना एका ओळीतल्या आकड्यांमधून ओळखत होते. निमिष बॉसशी बोलत होता. मी त्याला खूण करून खाली उतरले. मैदानाच्या एका कोपऱ्यात हिरवे टी-शर्ट घातलेली दोनशे-अडीचशे माणसं बसली होती. बाकी सगळं स्टेडियम आमच्या रंगाचं.

ॲल्युमिनियमचं बाक तापलेलं होतं. मी बसायचं की नाही या विचारात असताना एका बाईने आपल्या बॅगेतलं वर्तमानपत्र काढून पसरलं. "यावर बसा, नाहीतर भाजाल." ती माझ्याच वयाची होती, अंगाने भरलेली, एका कानात इयरफोन. इयरफोनची वायर तिच्या हातातल्या छोट्या रेडिओला होती.

"समोर सामना दिसतोय, मग रेडिओ कशाला?" मी विचारलं.

"आमच्या गावचा अनाउन्सर आहे. तो आमच्या मुलांची नावं घेतो. इथला माणूस फक्त तुमच्याच मुलांची नावं घेतोय." मग तिने माझ्या कपड्यांकडे पाहिलं. माझ्या अंगावर कोणताच रंग नव्हता. "तुम्ही आमच्यातल्या का?"

"नाही. पण तुमची टीम मला माहीत आहे. गेल्या वर्षी तुम्ही नऊ सामने जिंकलात."

ती पूर्ण मागे वळली आणि ओरडली, "ऐकलंत का? या बाईंना आपले नऊ माहीत आहेत!" मागच्या ओळीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका म्हाताऱ्याने टोपी काढून मला दाखवली.

"तुम्हाला कसे माहीत?" तिने विचारलं.

"आकड्यांचं काम करते मी."

हे खोटं नव्हतं.

तिचं नाव ग्लेंडा. ती तिच्या गावातल्या शाळेची बस चालवायची. टीमच्या बसमागून ती आणि तिची बहीण अकरा तास गाडी चालवत आल्या होत्या. तिचा मुलगा वेस्ली, चव्वेचाळीस नंबरचा, तिसऱ्या वर्षाला होता आणि एरवी बाहेरच उभा असायचा.

"सामना पार हातातून गेला की कोच बाहेरच्या पोरांना आत सोडतो," ती म्हणाली. मग माझ्या कानाशी आली. "कोणाला सांगू नका, पण मघापासून मी तुमच्या लोकांना चिअर करतेय. हळूच. अजून एक टचडाउन खाल्लं की माझं पोर आत."

"आणि हे कळलं तर?" मी मागच्या ओळीकडे मान केली.

"कळलं तर चालत घरी जावं लागेल, हनी."

आम्ही दोघी हसलो. थोड्याच वेळात आमच्या टीमने आणखी एक टचडाउन केलं. हिरव्या टी-शर्टांमधून निराशेचा आवाज निघाला आणि ग्लेंडाने माझा गुडघा घट्ट दाबला. मलाही आनंद झाला. हे मला लिहायलाच हवं. मला आनंद झाला होता.

शेवटच्या भागात चव्वेचाळीस नंबर आत गेला. ग्लेंडा उभी राहिली. फोटो काढायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून तिने रेडिओ माझ्या हातात दिला आणि इयरफोन माझ्या कानात घातला. वेस्ली उंच होता, पण खांद्यांच्या पॅडखाली बारीक वाटत होता. एक डाव, म्हणजे काही सेकंदांची धावाधाव, झाला की तो आमच्या कोपऱ्याकडे पाहायचा. मी डाव मोजत होते. नवव्या डावात चेंडू घेऊन धावणारा आमचा मुलगा सरळ त्याच्याकडे आला. वेस्लीने त्याला अडवायला डोकं खाली घातलं.

आवाज मोठा नव्हता. बाकीची मुलं उठली. तो उठला नाही.

डॉक्टर धावले. एकाने गुडघ्यावर बसून त्याचं डोकं दोन्ही बाजूंनी धरलं. त्यांनी हेल्मेट काढलं नाही, फक्त तोंडावरची जाळी स्क्रू काढून बाजूला केली. मान जराही हलू नये म्हणून हेल्मेट काढत नाहीत, हे मला माहीत होतं. तेरा वर्षांच्या मुलासाठी काढलेल्या सात पानांत ते होतं, चौथ्या पानावर.

ग्लेंडा माझ्या शेजारी नव्हती. ती कठडा ओलांडून खाली उतरली होती आणि कोणी तिला अडवलं नव्हतं. दोन्ही टीमची मुलं मैदानावर गुडघे टेकून बसली होती. ऐंशी हजार माणसं गप्प होती. माझ्या कानात तिच्या गावचा अनाउन्सर वेस्लीचं पूर्ण नाव घेत होता, त्याच्या गावाचं नाव घेत होता, मग परत त्याचं नाव. दुसरं बोलण्यासारखं त्याच्याजवळ काही नव्हतं. हे अकरा मिनिटं चाललं.

मग स्ट्रेचर बाहेर गेलं आणि उरलेला सामना पूर्ण केला गेला. बावन्न-दहा.

निमिष मला शोधत खाली आला. आम्ही गाडीत बसलो. "बेस्ट डॉक्टर्स आहेत इथे, आई," तो म्हणाला. तेवढ्यात त्याच्या बॉसचा फोन आला. मला त्याचीच बाजू ऐकू येत होती. येस सर. थँक यू, सर. फोन ठेवून तो समोरच्या काचेकडे बघत म्हणाला, "तो म्हणाला, परफेक्ट गेम. एक्सेप्ट फॉर, यू नो."

रेडिओ माझ्या पर्समध्येच राहिला होता.

सोमवारी मी कामावर गेले. माझ्या टेबलावर एका चाचणीचा तक्ता मंजुरीसाठी आला होता. आमच्या प्रत्येक तक्त्यात उजवीकडे एक रकाना असतो: रुग्णांना काय काय त्रास झाला. डोकेदुखी झाली तरी तिथे लिहायची. तो रकाना नसेल तर मी कागद न वाचता परत पाठवते. वीस वर्षांत किती जणांचे परत पाठवले असतील. निमिषसाठी मी दोन वर्षं जो तक्ता करत होते, त्यात तो रकाना नव्हता. तो घालायला हवा हे माझ्या मनातही आलं नव्हतं. त्यात 'धोका' होता, पण तो आमच्या हरण्याचा. आणि एक्केचाळीस पौंडांचा फरक मी चांगल्या बाजूला धरला होता.

रेडिओ मी त्या युनिव्हर्सिटीच्या पत्त्यावर ग्लेंडाच्या नावाने पाठवला. पार्सलवर पाठवणाऱ्याचा पत्ता लिहावाच लागतो, म्हणून माझं नाव लिहिलं. आत चिठ्ठी ठेवली नाही.

ऑक्टोबरमध्ये तिचं पत्र आलं. निळ्या शाईत, मोठ्या अक्षरात. वेस्ली जिवंत आहे, स्वतः श्वास घेतो, खांदे हलवतो; त्याखालचं अजून काही नाही. रेडिओ जपून पाठवल्याबद्दल आभार. खाली लिहिलं होतं: 'आमचे नऊ विजय माहीत असलेल्या बाई म्हणून मी सगळ्यांना तुमच्याबद्दल सांगते. तिथे ऐंशी हजार लोक होते आणि आम्ही कोण हे फक्त तुम्हाला माहीत होतं.'

मी ते पत्र श्रीरंगला दाखवलं. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"टीम तू निवडलीस हे तिला कळवणार आहेस?"

"माहीत नाही."

"नको कळवूस. त्याने तिचं काय भलं होणार?" मग थोड्या वेळाने म्हणाला, "निमिषला मात्र सांग, यादी बंद म्हणून."

"सांगते."

त्यानंतरचे तीन रविवार निमिषचा फोन आला नाही. मग आला, तेव्हा तीन मिनिटं. हवा कशी आहे, बाबांची शुगर किती आहे. वेस्लीचं नाव त्याने काढलं नाही, मीही काढलं नाही. निमिषची टीम त्या वर्षी देशात चौथी आली. त्या लहान टीमनेही पुढे आपल्या लीगमधले बहुतेक सामने जिंकले, त्यामुळे आमची भर अपेक्षेपेक्षा थोडी जास्तच पडली. माझा अंदाज अगदी बरोबर आला होता.

फेब्रुवारीत एका रविवारी तो म्हणाला, "आई, आय मिस अवर संडेज." आणि मग लगेच, "लिस्ट करशील ना या वर्षी?"

नाही म्हणायचं मी ठरवलं होतं. वाक्यही तयार होतं. मी म्हणाले, "बघते, काम आहे थोडं."

मी यादी केली. या वेळी एक रकाना वाढवला: वजनातला फरक पंचवीस पौंडांपेक्षा जास्त असेल तर ती टीम बाद. मी स्वतःला सांगितलं की ही दुरुस्ती आहे. निमिषचा दोन दिवसांनी फोन आला. "या टीम्स वीक नाहीयेत, आई. धिस टाइम धोका इज लाइक थर्टी परसेंट. बॉस विल नेव्हर साइन." त्याच्या आवाजात जुना कंटाळा परत येताना मला ऐकू आला. मी म्हटलं, थांब, काहीतरी चुकलं असेल. तो रकाना काढून टाकायला माऊसच्या चार क्लिक लागल्या. त्या रविवारी आम्ही अडतीस मिनिटं बोललो.

"सांगते म्हणालीस ते मागच्या दिवाळीआधी," श्रीरंग एकदा भांडी लावता लावता म्हणाला. "आता पुढची आली. तुझ्या कंपनीत औषधं एवढ्या वेळात बाजारात येत असतील."

"नाही येत. त्याला दहा वर्षं लागतात."

"मग ठीक आहे. नऊ शिल्लक आहेत."

तो चेष्टेने बोलत होता, पण माझ्याकडे बघत नव्हता. निमिषचे फोन कमी झाले असते तर त्यालाही ते जड गेलं असतं. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

२००७ च्या डिसेंबरमध्ये ग्लेंडाचं दुसरं पत्र आलं, ख्रिसमसच्या कार्डात घातलेलं. चमच्याच्या दांड्याला टेप गुंडाळून ती जाड केली तर वेस्ली उजव्या हाताने चमचा धरू शकतो. त्याने कॉलेजचे दोन विषय घरून पुन्हा सुरू केले आहेत. आणि मग: 'परवा तो मला विचारत होता, एवढ्या मोठ्या लोकांनी आपल्यालाच का बोलावलं होतं गं? मी म्हटलं, कारण आपण नऊ जिंकलो होतो. एवढंच कारण असणार, हो ना? तुम्हाला आकड्यांतलं कळतं, म्हणून विचारते.'

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. ते मी ऑफिसच्या बॅगेत ठेवलं. रोज ते माझ्याबरोबर कामावर जायचं आणि घरी यायचं.

मार्चमध्ये निमिष दोन दिवसांसाठी बॉथेलला आला. दीड वर्षात पहिल्यांदा. त्याचा बॉस दुसरीकडे जाणार होता आणि ती जागा निमिषला मिळण्याची शक्यता होती. त्यासाठी त्याला पुढच्या चार वर्षांचा आराखडा द्यायचा होता, २००९ ते २०१२, लीगबाहेरचे सगळे सामने. शनिवारी सकाळी श्रीरंगने पोहे केले. निमिषने दोन बशा खाल्ल्या, टेबल पुसलं आणि लॅपटॉप उघडला.

"चार वर्षं, सोळा गेम्स, आई. होम रन मारू आपण."

"तो बेसबॉल," श्रीरंग ओट्याजवळून म्हणाला. "एवढं मलापण कळतं."

निमिष हसला. हसताना तो लहानपणीसारखा दिसतो. मी बॅगेतून पत्र काढलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. "आधी हे वाच."

त्याने वाचलं. परत पहिल्या ओळीवर गेला. त्याने ते घडीवर नीट घडी करून माझ्याकडे सरकवलं.

"तू तिला लिहितेस?"

"नाही. ती मला लिहिते."

"यू शुडंट हॅव... आम्हाला लॉयर्सनी सांगितलंय, नो काँटॅक्ट. मला जायचं होतं हॉस्पिटलमध्ये. त्यांनी जाऊ दिलं नाही." त्याने लॅपटॉपचा कोपरा अंगठ्याने घासला. "मी पार्किंग लॉटपर्यंत गेलो होतो."

हे मला माहीत नव्हतं. श्रीरंगनेही मागे वळून पाहिलं.

"हे तू कधी बोलला नाहीस," मी म्हणाले.

"तू विचारलं नाहीस."

ते खरं होतं. मग निमिष खुर्चीत सरळ झाला आणि त्याच्या आवाजात ऑफिस आलं. "ओके. पण बी सायंटिफिक, आई. इट वॉज अ फ्रीक थिंग. दर वर्षी इक्वल टीम्समध्येही असं होतं. एका केसवरून तू काही प्रूव्ह करू शकत नाहीस. एन इज वन. तूच शिकवलंस मला हे."

"बरोबर आहे."

"मग?"

"मला काही सिद्ध करता येणार नाही. वजनातल्या फरकामुळे झालं असं मी कुठे लिहूनही देऊ शकणार नाही. मी शोधलं मागच्या वर्षी. पुरेसा डेटा नाही."

"देन व्हॉट आर वी टॉकिंग अबाउट?"

"तिच्या पत्राबद्दल. तिने विचारलंय, तुम्हीच का. त्याचं उत्तर मला माहीत आहे, निमिष. त्यासाठी डेटा लागत नाही."

त्याने दोन्ही हातांनी तोंड चोळलं. "तू नाही केलंस तर कोणीतरी करेल. दे हॅव कन्सल्टंट्स नाऊ. ते तुझ्यापेक्षा वाईट करतील. त्याच टीम्सना बोलावतील. काहीच बदलणार नाही."

"नसेल बदलत."

"आणि मला ही जागा मिळणार नाही."

"ते मला माहीत आहे."

"तू मला खेळू दिलं नाहीस," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "पेपर्स दाखवलेस. फाइन. मी खेळलो नाही. मग ही एकच गोष्ट होती, आई, जी मला आवडते आणि ज्यात तू होतीस. मी माझ्या फ्रेंड्सना सांगतो, माय मॉम डज धिस विथ मी." त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर रिकामा तक्ता होता, वर चार वर्षं लिहिलेली. "हे नसेल तर आपण काय बोलणार? सिरियसली. संडेला मी फोन केला तर आपण काय बोलणार?"

श्रीरंगने नळ बंद केला. मला त्या प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं. दीड वर्ष मला ते येत नव्हतं, आणि म्हणूनच मी काम आहे म्हटलं होतं, बघते म्हटलं होतं, चार क्लिक केल्या होत्या. निमिष माझ्याकडे बघत होता. त्याला खरंच उत्तर हवं होतं, आणि मला जे सांगता येत होतं ते त्याचं उत्तर नव्हतं. मी लॅपटॉप त्याच्या बाजूला परत वळवला.

"मी यादी करणार नाही, निमिष," मी म्हणाले. "या वर्षी नाही, आणि पुढेही कधी नाही."